अर्धा कप चहा

सौंसर, 3 सप्टेंबर 2025

प्रिय बाळू,

पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या, गोटमारीच्या बंदोबस्तावरून परतताना अर्धा तास टेकलास आणि निघताना म्हणालास, "ताई, त्या पोराची रदबदली करू नको. सहा महिने आत बसला की डोकं येतं ठिकाणावर." घरात पाहुणे होते, म्हणून गप्प बसले; आता लिहिते.

बाबांचं आठवतं? तू चौथीत होतास. अशाच एका गोटमारीला पिऊन मारामारी केली म्हणून त्यांना आत टाकलं. पहिल्या रात्री नुसता घाम. तिसऱ्या दिवशी अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून ते हात झटकत होते, मेलेल्या आजीला हाका मारत होते. शिपाई म्हणाला, नाटक आहे. आई म्हणाली, बाहेरचं आहे. सुटल्या सुटल्या तिने त्यांना जामसावळीला नेलं. निजलेल्या मारुतीसमोरच ते कोसळले. तिथून टेम्पोत घालून नागपूरला मेडिकलला. डॉक्टर आईवर खेकसले: रोजची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत असंच होतं, यात माणूस जातोसुद्धा. बी-वनची इंजेक्शनं, झोपेची गोळी रोज थोडी कमी करत. दहाव्या दिवशी बाबांनी मला नावाने हाक मारली.

घरी आल्यावर आई त्यांना अर्धाच कप चहा द्यायची, सांडू नये म्हणून. तरी बशी दातांवर वाजायची. पुढे दोनदा परत प्यायले, हेही खरं. तिसऱ्यांदा सुटली ती सुटली.

आता हा पोरगा. त्याच्याकडे गांजाची पुडी निघाली, पाव किलोही नाही. गांजा सुटताना बाबांसारखं होत नाही, मान्य. पण हा वरून रोज दारूही घेतो. तुमच्या एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंत गांजा म्हणजे थोडा माल, वीस किलोच्या वर धंद्याचा. वीस किलोवाल्याला खुशाल वीस वर्षं आत घाल, त्याच्यासाठी मी एक शब्द खर्चणार नाही. पण 1985 च्या त्याच कायद्यात 64-ए कलम आहे. थोड्या मालाचा व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर सवलत काढून घेता येते. तेवढा धाक मला पुरेसा वाटतो.

आणि आधी उपचार, हे तुमचं पोलीस खातं करतंच की! गोटमारीला जमावबंदी लावता, तरी पांढुर्णा आणि सावरगावचे दगड चालतातच. मग काय करता? जाम नदीच्या काठावर डॉक्टर बसवता, अँब्युलन्स उभी करता. डोकं फुटलेल्याला आधी टाके घालता. हाच हिशेब पुडीवाल्याला का नाही लागत? 2023 ला आपला पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर आले, एसपी आले. व्यसनमुक्तीच्या खाटेची चौकशी करायला मात्र मला अजून नागपूरलाच फोन लावावा लागतो.

पोरगा उपचाराला तयार आहे, परवा स्वतःच म्हणाला. पण आंबिया बहाराची तोडणी लागली की तो संत्र्याच्या पेट्या भरायला जाईल, हातात पैसा खेळेल आणि मन फिरेल. म्हणून घाई. अर्ज कोणाच्या नावे करायचा, वकील लागतो का, एवढं तुमच्या टीआय साहेबांना विचारून रविवारी फोन कर.

आणि पुरणपोळीचा डबा तुझ्याकडेच राहिला आहे, येशील तेव्हा घेऊन ये.

तुझी,
ताई