पत्ता

दिवाळी सरली की दिंद्रुडच्या आसपासच्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाच्या याद्या कराव्या लागतात. अशाच एका यादीसाठी माझा भाचा गुरुजींना मदत करीत होता. एक्सेलमधली दुबार नावे वेगळी काढणारा छोटासा पायथन प्रोग्रॅम मी पुण्याहून पाठवला. माझ्या विंडोजवर तो बिनबोभाट चालला होता. त्याच्या उबुंटूवर मात्र ‘ओपनपायएक्सेल’ ही लायब्ररी सापडत नाही, एवढेच उत्तर येत राहिले.

‘‘मामा, टाकलीय की. परत टाकायला गेलं तर आधीच आहे म्हणतंय.’’

मी त्याला तेच तीनदा करायला लावले. चौथ्यांदा माझा आवाज चढला. नीट वाचत नाहीस, असे मी म्हणालो. यादी दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

लायब्ररी ठेवली कुठे, हे आम्ही तासभर घोकत होतो. पायथन ती शोधतो कुठे, हे त्यालाच विचारायचे सुचले नव्हते. शेवटी ‘सिस डॉट पाथ’ छापून घेतला आणि उलगडा झाला. त्या यंत्रात पायथन दोन होते. उबुंटूने आपल्या पायथनसाठी लायब्ररी ‘डिस्ट-पॅकेजेस’मध्ये ठेवली होती. हाकेला धावत होता तो दुसरा, मूळ सोर्सवरून बांधलेला. तो फक्त स्वतःच्या ‘साइट-पॅकेजेस’मध्ये पाहत होता. या दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणूनच डेबियनने, आणि त्याच्या मागोमाग उबुंटूने, हे वेगळे नाव ठेवले आहे. विंडोजवर प्रत्येक पायथन आपले ‘साइट-पॅकेजेस’ आपल्याच फोल्डरात बाळगतो. तिथे ‘डिस्ट-पॅकेजेस’ हे नावच नाही. माझ्या घराचा नकाशा हाती धरून मी त्याच्या घरातल्या वस्तू शोधत होतो.

उबुंटूच्या पायथनचा पूर्ण पत्ता देऊन प्रोग्रॅम चालवला. दुबार नावे क्षणात निघाली. पुढच्या वेळी प्रत्येक कामाला स्वतंत्र ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट’ करायचे, असेही ठरले.

तो दुसरा पायथन तिथे आला कसा, हे मला फोन ठेवता ठेवता आठवले. सहा महिन्यांपूर्वी, नवी आवृत्ती हवी म्हणून, तो बांधून घ्यायला मीच सांगितले होते.

‘‘म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना, मामा?’’ त्याने विचारले.

‘‘नाही रे, माझं चुकलं,’’ हे म्हणायला मला जरा वेळ लागला.