आधी वर्गणी, मग नावं

चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या आमच्या सोसायटीत मराठी घरांची गणपतीची वर्गणी दरवर्षी मीच गोळा करते. ग्रुपवर क्यूआर कोड टाकायचा आणि उरलेल्यांना रविवारी लिफ्टपाशी गाठायचं. ओएमआरवर आयटीत नोकऱ्या करणारी आम्ही मंडळी हजार-दोन हजारांसाठी का-कू करत नाही. त्यामुळे न्यूटन चिखलीच्या स्मारकासाठी पैसे उभे करायचं ठरलं तेव्हा ‘हे माझ्यावर सोडा’ असं मी बिनधास्त सांगून टाकलं.

न्यूटन चिखली ही पेंच खोऱ्यातली, परासियाजवळची कोळशाची खाण. १० डिसेंबर १९५४ रोजी तिच्यात पाणी घुसलं आणि ६३ कामगार गेले. छिंदवाडा आज आपल्याला लांबचा वाटतो, पण त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. माझे आजोबा त्याच पट्ट्यात एका खाणीवर कारकून होते. १९७५ साली धनबादजवळ चासनाला खाणीत असंच पाणी शिरून ३७५ माणसं दगावली. ‘काला पत्थर’ सिनेमामुळे ती घटना निदान कानावर तरी असते. न्यूटन चिखली कुणालाच ठाऊक नाही, याची मला खंत होती. तिथे सगळी नावं कोरलेला एक दगड असावा, एवढीच कल्पना.

पैसे मी स्वतःच्या बचत खात्यात घेतले. दूधवाला, घरभाडं, मुलाची फी आणि स्मारक, सगळं एकाच पासबुकात. महिन्याभरात कुणाचे किती आले हे मलाच सांगता येईना. वर ‘करात सवलत मिळेल’ असंही मी मेसेजमध्ये ठोकून दिलं होतं. ८०जीची पावती मान्यता मिळालेल्या संस्थेलाच देता येते, माझ्यासारख्या व्यक्तीला नाही. न्यू जर्सीच्या मामेभावाने चांगली घसघशीत रक्कम देऊ केली, तेव्हा मी लगेच खातेक्रमांक कळवला. त्याच्याकडे आता अमेरिकेचा पासपोर्ट आहे. अशा माणसाने सामाजिक कामाला दिलेला पैसा परदेशी देणगी ठरतो, मग तो मूळचा नागपूरचा का असेना, आणि परवानगीशिवाय तो घेता येत नाही. आमच्या ओळखीच्या सीएने वेळेवर कान उपटले म्हणून निभावलं.

हे सगळं कागदोपत्री निस्तरता आलं. खरी चूक दगडाच्या आराखड्यात होती. रक्कम लवकर जमावी म्हणून ११ हजार देणाऱ्याचं नाव दगडावर कोरायचं, असं मीच जाहीर केलं होतं. देवळाच्या पायऱ्यांवर असतंच की, त्यात काय मोठंसं! आराखडा आला तो सोसायटीत दाखवत फिरले. खालच्या मजल्यावरच्या तमिळ आंटींचं बालपण कोलार गोल्ड फील्ड्समध्ये गेलेलं. तिथल्या सोन्याच्या खाणींत कामगार बहुतेक तमिळच, आणि जमिनीखाली खडक फुटून माणसं मरायची. आंटींना देवनागरी वाचता येत नाही. कागदावर सारख्याच अक्षरांतल्या दोन रांगा बघून त्यांनी विचारलं, “यातले गेलेले कोणते?”

मी बोट ठेवून दाखवलं. देणगीदारांची रांग त्यांच्या रांगेपेक्षा लांब होती.

ती का लांब होती, हेही सांगायला हवं. मृतांची यादी अजून पुरी झालीच नव्हती. आजोबांच्या ओळखीतून, कुणाच्या आठवणीतून, एका जुन्या कागदाच्या फोटोवरून मिळतील तशी नावं मी एक्सेलमध्ये भरत होते. एके ठिकाणी तेच नाव, तेच बापाचं नाव दुसऱ्यांदा दिसलं. दिवसभर डेटा साफ करणारी मी, सवयीने डुप्लिकेटची एक ओळ उडवली. पुढे परासियातल्या एका वयस्कर गृहस्थांना फोनवर यादी वाचून दाखवत होते. त्या नावाशी त्यांनी थांबवलं. “पोरी, हे दोन मानसं होते ना वो. एक नाई.” गावं वेगळी, घरं वेगळी. त्यांच्यातल्या एकाला मी माझ्या टेबलावर बसून, एक बटण दाबून वगळलं होतं.

शिवाय दगड बसवायचा कुठे, तिथे परवानगी कोण देणार, नंतर त्याची देखभाल कोण करणार, याची विचारपूस मी पैसे जमल्यावर सुरू केली. त्या गावातल्या एकाही घराला ‘तुम्हाला हे हवंय का’ असं विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे दरवर्षी १० डिसेंबरला काय करतात, तेही नाही.

शेवटी ज्याचे त्याला पैसे परत करायचं ठरवलं. हिशेब लावायला फार त्रास झाला. लोक चिडतील अशी मनाची तयारी ठेवली होती. चिडलं कुणीच नाही. उलट बऱ्याच जणांचा मेसेज आला, “हे कसले पैसे?” स्मारकाला वर्गणी दिल्याचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. त्यांना दोष कसा देणार? मी त्यांच्याकडे पैसे मागितले होते, त्या ६३ जणांबद्दल दोन ओळींपलीकडे काही सांगितलं नव्हतं.

आता यादी परासियातलेच काहीजण करताहेत, मी फक्त टाइप करून देते. पुन्हा पैसे मागायची वेळ आली तर खातं संस्थेचं असेल, खर्चाचा अंदाज लेखी असेल, आणि दगडावर देणाऱ्याचं नाव नसेल. ११ हजारवाले त्यामुळे कमी झाले तर होऊ देत.