‘जनता’ नेमकी कोणाची?

आमच्या चौलला इतिहासाची कमतरता नाही. प्राचीन बंदर, पंधराव्या शतकात इथे उतरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन, शेजारी रेवदंड्याला पोर्तुगिजांचा कोट. हे सगळे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पण याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ पासून १९३९ पर्यंत, तब्बल सहा वर्षे, कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप केला, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नाही.

जयंतीच्या कामासाठी आम्ही आळीआळीत फिरतो तेव्हा एक वाक्य ऐकू येते : "बाबासाहेब तुमचे, चरीचा संप आमचा." बोलणारा सहज बोलून जातो. पण या एका वाक्यात कष्टकऱ्यांची अख्खी चळवळ दोन तुकड्यांत कापली जाते. म्हणून त्याचे उत्तर द्यावे लागते.

चरीच्या संपाचे नेते नारायण नागू पाटील. कुळाने राबायचे आणि अर्धे किंवा त्याहून जास्त पीक खोताच्या कोठारात टाकायचे, वर वेठ करायची, हा तेव्हाचा न्याय होता. या कुळांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला, त्याचे नाव ‘स्वतंत्र मजूर पक्ष’. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. कुळे आगरी, कुणबी, महार होती. मग हा लढा एकट्या कोणाचा कसा?

आता पत्रांची नावे पाहा. १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, आणि २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’. मुक्यांपासून बहिष्कृतांपर्यंत आणि तिथून सगळ्या जनतेपर्यंत. ‘जनता’चे पहिले संपादक देवराव नाईक जन्माने अस्पृश्य नव्हते. हे पत्र एका जातीचे मुखपत्र होते म्हणणाऱ्यांनी निदान त्याचे नाव तरी वाचावे. इकडे नारायण नागूंनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढले. कारण शेटजींच्या वर्तमानपत्रात कुळाची बाजू छापून येत नसते.

जगभर हेच घडले आहे. फिनलंडहून अमेरिकेत खाणीत आणि जंगलात राबायला गेलेल्या मजुरांनी आपल्या भाषेत जहाल कामगारपत्रे काढली. डुलुथ शहरातले ‘इंडस्ट्रियलिस्टी’ १९७५ पर्यंत चालले. आमच्या कोकणातला माणूसही असाच मुंबईच्या गिरणीत गेला. त्याच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधु’ मुंबईतून चालवायला घेतले. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर त्यात लिहीत होते.

पण इथे एक फरक आहे, आणि तो लपवून चालणार नाही. आमच्या गिरणीत मजूर म्हणून सगळे एक नव्हते. विणकामात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून त्या जास्त पगाराच्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांना विचारला. मालकाशी लढताना शेजारच्या मजुराचा विटाळ मानायचा, ही कसली एकजूट? म्हणूनच १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. एकाला सोडून दुसऱ्याशी लढता येत नाही. तरीही त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, ते कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले. मतभेद ठेवूनही एकत्र लढता येते, हे त्यांनी करून दाखवले.

आज आमच्या किनाऱ्यावर खोत नाहीत. बंगल्यांच्या भिंती आहेत. कसेल त्याची जमीन झाली, आणि तीच जमीन विकून कुळांची नातवंडे त्या भिंतीआड माळी आणि रखवालदार झाली. भूमिहीन बौद्ध पोरगाही त्याच फाटकावर उभा आहे. दोघांचा मालक एक, पगार सारखाच तुटपुंजा. तरी दोघे एकमेकांना "तुमचे" आणि "आमचे" सांगतात. फायदा कोणाचा होतो?

वाचनालयात ‘जनता’ आणि ‘कृषीवल’चे जुने अंक शेजारीशेजारी ठेवा, आणि दोन्ही वस्त्यांतल्या पोरांना एकत्र बसवून वाचायला लावा. जयंतीच्या वर्गणीतले थोडे पैसे डीजेऐवजी एवढ्यासाठी तरी बाजूला काढायला आम्ही तयार आहोत. तुम्ही आहात का?

जयभीम!