फियाट, छकडी आणि ताईचा प्रश्न

यवतमाळ हे सहलीला जाण्याचे ठिकाण आहे, असे आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडात कुणालाच वाटत नाही. तिकडे निघालेला माणूस लग्नाला तरी निघालेला असतो, नाही तर शेताच्या वाटणीला. गेल्या जानेवारीत मी निघालो तो मात्र पंच म्हणून. ताईचा फोन आला होता, "दोन दिवस सवड काढ आणि ये. ह्यांच्या फियाटीवर पोराने करवत चालवायचे ठरवले आहे."

भाऊजी जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांची पांढरी प्रीमियर पद्मिनी (घरात तिला सगळे फियाटच म्हणतात) तेव्हापासून परसातल्या कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी होती. भाचा शिकलेला इंजिनिअर आणि मोटारींचा वेडा. जुनी गाडी घ्यायची, तिच्यात मोठे इंजिन बसवायचे आणि ती अशी पळवायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे, हा त्याचा ध्यास. पुन्हा गाडी चारचौघांकडे नसलेली हवी! पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडेही एक फियाट होती, एवढ्याच भांडवलावर मला तज्ज्ञ ठरवण्यात आले होते.

धामणगावला उतरलो. भाचा मित्राची जीप घेऊन आला होता. यवतमाळच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापसाची शेवटची वेचणी चाललेली, मधून मधून तुरीची शेते. गाव जवळ आले तसा मी शकुंतलेचा विषय काढला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची आगगाडी. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढायला लावले, मग डिझेल इंजिन आले. आता यवतमाळला ती येत नाही.

"म्हणजे शकुंतलेचेही इंजिन बदललेच की, मामा!" भाच्याने संधी साधली.

"बदलले. मग वेग किती वाढला?"

तो हसला. रूळ तेच, पूल तेच. इंजिन नवे आले तरी गाडी ताशी वीसेक किलोमीटरचीच राहिली. हा मुद्दा मी त्या वेळी विनोदाने टाकला होता. पण पुढच्या दोन दिवसांत तो वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा समोर आला.

रात्री जेवताना ताईने सरळ विषयाला हात घातला. "मला यंत्रातले कळत नाही. ह्यांनी ही गाडी ब्याण्णव साली घेतली. तुझ्या जन्माच्या वेळी मला त्यांनी हिच्यातूनच नागपूरला नेले, रात्रीतून दीडशे किलोमीटर. कळंबच्या पुढे म्हशी आडव्या आल्या. गाडी थांबता थांबेना. त्या रात्री म्हशींनीच आपल्याला वाट दिली बघ. आता तू हिला दुप्पट पळवणार. मग ही थांबणार कशी?"

भाचा इंजिनाबद्दल तासभर बोलला असता. ह्या प्रश्नावर तो ताकाची वाटी चाचपू लागला. वाचकहो, ताईने नकळत मर्मावर बोट ठेवले होते. ह्या गाडीच्या चारही चाकांना जुन्या धर्तीचे ड्रम ब्रेक. इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्तीची, आणि त्या शक्तीपुरतेच सारे बेतलेले. शक्ती दुप्पट केली की गिअर, मागचा धुरा, स्प्रिंगा, चाके आणि ब्रेक सगळेच बदलावे लागते. इंजिन म्हणजे नवा जावई. तो एकटा येत नाही, त्याच्यामागून मानपान येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही इतर 'स्थळे' पाहायला निघालो. पांढरकवड्यापर्यंत रस्ता झकास. टिपेश्वरच्या वाघांच्या पाट्या लागल्या तेव्हा आमची जीप तापून उभी होती आणि भाचा मोटारींच्या वंशावळी सांगत होता. त्यातले एक मला पटले. इंजिनबदल हे काही पोरांचेच खूळ नाही, कारखान्यांनीही ते केले आहे. प्रीमियरने ११८ एनई ह्या गाडीत जपानच्या निसानचे इंजिन बसवले. हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसाला आणि मग अँबॅसडरलाही इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन दिले.

वणीजवळ आलो तेव्हा रस्ता कोळशाच्या ट्रकांनी काळा पडला होता. तिथे एका वाड्यात कॉन्टेसा होती. एके काळी मंत्र्यांच्या आणि सिनेनटांच्या दारात शोभणारी ती रुंद, ऐसपैस गाडी. बॉनेट उघडले तर इंजिनाच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसलेली! मालक म्हणाले, "गाडी अशी दुसरी मिळाची नाही." ते खरेच होते. तिच्या काचा, रबरे, दिवेही दुसरे मिळायचे नव्हते. वजन बाराशे किलोंच्या घरात, आणि तळाचा पत्रा भाच्याच्या अंगठ्याखाली पापडासारखा मोडला. कोंबडीची क्षमा मागून आम्ही बॉनेट हळूच लावले.

परतताना मारेगावच्या अलीकडे माणसांची गर्दी आणि भोंग्याचा आवाज. एका गावात शंकरपट भरला होता. भाच्याने जीप आपणहून थांबवली.

पश्चिम महाराष्ट्रात जी बैलगाडा शर्यत, तोच थोड्या निराळ्या रीतीने विदर्भातला शंकरपट. सरळ आखलेली धावपट्टी, बैलांची जोडी, मागे हलकी छकडी आणि तीवर पाय रोवून उभा धुरकरी. निकाल सेकंदांच्या अंशांवर लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता परवानगी, पशुवैद्य, नियम असे सारे सोपस्कार करून पट भरतो.

कडेला एक म्हातारे गृहस्थ छकडीच्या चाकाशी बसले होते. आयुष्यभर धुरकरी, आता गुडघे गेले म्हणून सल्लागार. भाचा त्यांच्यापाशी उकिडवा बसला.

"काकाजी, जोडी निवडताना पहिले काय पाहता?"

"पह्यले जोडी नाही पाहाची, बेटा. पह्यले जमीन पाहाची. कुठं पयवाची हाय थे ठरलं, का मंग बैल."

"आणि रंग, शिंगे?"

"रंगाले काय चाटाचं हाय? लोकं पाहाले येते म्हून बैल पयत नाही." त्यांनी छकडीची दांडी एका हाताने उचलून दाखवली. "हे पाय. घरच्या बंडीले चार मानसं लागते. बैल तोच, भार कमी केला का बैल दुसरा होते."

मग पट्टीच्या शेवटाकडे हात करून म्हणाले, "अन् थे मोकयं वावर पाह्यलं काय? पयाले जितकी जागा, तितकीच थांबाले ठेवा लागते. नाही तं मानूसही जाते अन् बैलही जाते."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. ताईचाच प्रश्न, पण वऱ्हाडी पागोट्यातून आलेला!

मोटारीच्या जगातही हेच शहाणपण थोरांनी पाळले आहे. इंग्लंडात कॉलिन चॅपमनने आपली पहिली मोटार जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली, आणि ही सेव्हन म्हणजे कारकुनाच्या कुटुंबाची चिमुकली गाडी. पुढे त्याच्या लोटस मोटारींनी जग जिंकले ते हलकेपणाच्या बळावर. १९५९ साली बाजारात आलेली मिनी ही काटकसरीची गाडी; तिने १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. आपल्याकडे बंगलोरच्या सिपानी कारखान्याची डॉल्फिन रस्त्यावर लोकांच्या चेष्टेचा विषय होती, कारण तिचे अंग फायबरग्लासचे. रॅलीत मात्र त्याच अंगाने तिला हात दिला आणि भल्याभल्या गाड्या तिच्यामागे राहिल्या. निवड विलक्षण असते ती अशी. चारचौघांकडे नसते ती गाडी नव्हे; चारचौघे जिच्याकडे पाहत नाहीत ती.

यवतमाळला पोहोचेपर्यंत भाचा गप्प होता. रात्री त्याने वही काढली. फियाट सुमारे ८९५ किलो, शक्ती ४० : प्रत्येक अश्वशक्तीला बावीस किलोंहून अधिक भार. मारुती ८०० सुमारे ६५० किलो, शक्ती ३७ : साडेसतरा किलो. म्हणजे इंजिनाला हात न लावताच मारुती पुढे. सुटे भाग गल्लोगल्ली, आणि शर्यतीसाठी आतल्या गाद्या, मागचे आसन काढले की भार आणखी उतरणार.

"पण मारुती ८०० कोण वळून बघणार, मामा?"

"सेकंद मोजणारा बघेल," मी म्हटले.

उरला प्रश्न जमिनीचा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये कारखान्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मालकाला मनमानी फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. तेव्हा असली गाडी दारव्हा रोडवर नाही पळवायची; ती ट्रकवर लादून कोइमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या धावपट्टीवर न्यायची, तीही परवाना, शिरस्त्राण आणि आत लोखंडी पिंजरा घेऊन. मैदान आहे, फक्त ते यवतमाळात नाही. बैलांनी सात वर्षे परवानगीची वाट पाहिली, तू तिकिटाचे पैसे साठेपर्यंत पाहा, असे मी सांगितले. पंचांना असे बोलावेच लागते.

निघायच्या दिवशी सकाळी परसात आवाज आला म्हणून गेलो. ताडपत्री दूर होती. भाचा फियाटीखाली आडवा, फक्त पाय बाहेर. करवत नव्हती, ब्रेकचे ड्रम उघडून मांडले होते. सिलिंडरची रबरे वाळून चामडे झाली होती.

"मूळचेच नवे बसवतो," तो खालून म्हणाला. "हिला पळवायची नाही. नीट थांबली तरी पुष्कळ."

ताई चहाचा कप घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. कप बॉनेटवर ठेवला, पदराने काचेवरची धूळ पुसली आणि दार उघडून डाव्या बाजूच्या आसनावर जाऊन बसली. भाऊजी गाडी हाकीत तेव्हा ती तिथेच बसत असे.

"कळंबपर्यंत जाऊ या का रे, झाली की?" तिने विचारले. "चिंतामणीच्या दर्शनाला. हळू."

कोपऱ्यावरच्या गॅरेजातली मारुती आठ दिवसांनी भाच्याने आणली. रंग उडालेला, एक दार निळे. त्याने फोटो पाठवला. खाली लिहिले होते : "मामा, रंगाले काय चाटाचं हाय?"