पाडव्याची गाडी

त्या फोटोत माझ्या हातात पूजेचं ताट आहे. समोर नवी कोरी मोटारसायकल, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक आणि शेजारी माझा धाकटा भाऊ. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. चाकाखाली लिंबू मीच ठेवलं, नारळही मीच फोडला. शोरूमचा पोरगा म्हणाला, "मावशी, गाडीला हात लावून उभ्या राहा की जरा." मी उभी राहिले. परभणीचं ऊन डोळ्यांवर येत होतं, तरी फोटोत मी हसतेय.

दोन वर्षांनी तोच फोटो एका फायनान्स कंपनीच्या कागदांत मला दिसला. खाली लिहिलं होतं, कर्जदार गाडीचा ताबा घेताना.

हे कसं झालं ते सांगायचं तर चार वर्षं मागं जावं लागतं. सप्टेंबर २०२० मध्ये आमचे मालक कोरोनानं गेले. नऊ दिवसांत घर बदललं. मला तेव्हा बँकेत कुठल्या खिडकीवर उभं राहायचं तेही ठाऊक नव्हतं. गंगाखेड तालुक्यातल्या माहेराहून भाऊ आला आणि महिनाभर इथंच राहिला. मृत्यूचा दाखला, दोन एकरांची वारस नोंद, विमा, गॅसचं कार्ड, सगळ्यासाठी तोच पळाला. त्यानं एक निळी फाइल केली. माझ्या आधार-पॅनच्या वीस-पंचवीस झेरॉक्स, पासपोर्ट फोटोंचं पाकीट आणि मी सही करून दिलेले चार-सहा कोरे कागदसुद्धा त्या फाइलीत होते. "अक्का, दरवेळी तुला तहसीलला कशाला ओढू?" असं तो म्हणायचा, आणि ते त्या वेळी खरं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळू लागले, तो ऑनलाइन अर्जही त्यानंच भरला. माझ्याकडं तेव्हा साधा फोन. म्हणून आधारला त्यानं त्याचा नंबर जोडून घेतला. पैसे आले ते पूर्णपणे माझ्या खात्यात आले, त्यातला एक रुपयाही त्यानं घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की तो पहिल्यापासून डाव मांडून बसला होता. तसं नव्हतं.

२०२४ च्या जूनमध्ये शाळांच्या गणवेशाचं काम निघालं. त्या वर्षी सरकारनं सगळीकडं एकच गणवेश ठरवला आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिली. आमच्या गटाच्याही वाट्याला काम आलं. माझ्याकडं पायाचं जुनं मशीन. त्यावर दिवसाला किती पँटी निघणार? मोटारीची दोन मशीनं आणि एक ओव्हरलॉक घ्यायचं ठरवलं आणि दीड लाखाच्या मुद्रा कर्जासाठी अर्ज केला.

त्याच दिवसांत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू होते. जिंतूर रोडवरच्या सेवा केंद्रावर बायांची रांग. माझा नंबर आला तेव्हा पोरगा म्हणाला, "मावशी, ओटीपी सांगा." ओटीपी माझ्या फोनवर आला नाही. मी भावाला फोन लावला, त्यानं आकडे वाचून दाखवले. मागच्या बायका थांबल्या होत्या, मीही पुढं निघाले. आपल्या आधाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे, हे त्या रांगेत माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बँकेतल्या साहेबांनी अर्ज माझ्याकडं परत सरकवला. "ताई, तुमचं सिबिल खराब आहे. दोन खाती थकीत दिसतायत."

"साहेब, मी तर आजवर कर्जच काढलं नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. असं म्हणणारी माणसं त्यांना रोज भेटत असणार. तरी त्यांनी एक चांगलं केलं, रिपोर्ट कसा काढायचा ते सांगितलं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या कर्जाची नोंद ठेवतात. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्या प्रत्येकीकडून वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपण सगळे 'सिबिल' म्हणतो, पण ते एका कंपनीचं नाव. चारही ठिकाणी बघावं लागतं.

स्टेशन रोडवरच्या नेट कॅफेत लेकीनं रिपोर्ट काढला. गुण ३०० ते ९०० मध्ये मोजतात, माझे ५२८. खाली दोन कर्जं. एक मोटारसायकलचं, ७२ हजारांचं, एप्रिल २०२२. दुसरं मोबाइल ॲपवरचं, ४० हजारांचं, जून २०२२. प्रत्येक महिन्याचा एक चौकोन, त्यात हप्ता किती दिवस चुकला तो आकडा. आधी शून्य, मग ३०, ६०, ९०. पत्ता माहेरचा. मोबाइल नंबरही होता. लेक तो वाचायला लागली, मी म्हटलं वाचू नको. अडीअडचणीला चार वर्षं मी तोच नंबर लावत होते.

घरी येऊन मशीनवर बसले. पाय चालेनात.

आमच्या भागाला नावावर परस्पर कर्ज निघणं नवं नाही. ऊसतोडणी-वाहतुकीच्या योजनेत शेतकऱ्यांच्या नावावर त्यांना न सांगता बँकांकडून कर्ज उचलल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये गंगाखेड शुगर कारखान्याच्या प्रमुखांसह इतरांवर गंगाखेडला गुन्हा नोंदला गेला. पुढं २०२० मध्ये ईडीनं २५५ कोटींची मालमत्ताही जप्त केली. बँकेच्या नोटिसा हातात घेऊन फिरणाऱ्या शेतकऱ्यांच्या गोष्टी मी माहेरी ऐकल्या होत्या. पण ते हजारो होते आणि समोर कारखाना होता. त्यांना पारावर बसून मोठ्यानं बोलता येत होतं. मी कुणाला काय सांगणार? शेजारणीला सांगितलं तर माहेर उघडं पडतं. न सांगावं तर थकबाकीदार मीच.

१९ ऑगस्टला राखीपौर्णिमा. तो त्याच गाडीवर आला. मी ओवाळलं, राखी बांधली, शिरा वाढला. ताट उचलल्यावर रिपोर्टचा कागद त्याच्यापुढं ठेवला.

बराच वेळ तो त्या चौकोनांकडंच बघत होता. मग म्हणाला, "अक्का, हप्ते मीच भरणार होतो." त्याचं पीक कर्ज थकलेलं, बँक दारात उभी करत नव्हती. गाडी माझ्या कागदांवर घेतली, सह्या त्यानंच मारल्या. फायनान्सच्या माणसाला कर्जदार समोर हवी होती, म्हणून पाडव्याला मला पूजेला बोलावलं. जूनमध्ये बियाण्या-खतासाठी ॲपवरून ४० हजार घेतले. पहिले चौदा-पंधरा हप्ते भरले, मग सोयाबीनचे भाव पडले आणि तेही थांबले. हे सांगताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. मला कर्जापेक्षा त्या पूजेचं जास्त लागलं. ते मी त्याला तेव्हाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मायचा फोन आला. "भावाला फौजदारापुढं उभं करतीस का बाई? भरंल की तो, सोयाबीन निघू दे." सोयाबीन निघायचं होतं तेव्हा निघालं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतच आभाळ फाटलं आणि आमच्या जिल्ह्यातली उभी पिकं पाण्यात गेली. पण मायचा फोन आला तेव्हा पाऊस यायचा होता, आणि मला तेव्हाच कळून चुकलं होतं की त्यानं पैसे भरले तरी ते कर्ज माझंच राहणार आहे. मी गप्प बसून भरू दिलं असतं तर ती कर्जं मीच काढली असं मान्य केल्यासारखं होतं.

म्हणून २२ ऑगस्टला मी दोन्ही खात्यांवर हरकत घेतली. सिबिल स्वतः काही खोडत नाही. ज्या संस्थेनं कर्ज दिलं तिला विचारतं, तिनं मान्य केलं तरच नोंद बदलते. हरकत घ्यायला पैसे लागत नाहीत आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. दोन्ही संस्थांनी माझ्याकडं पोलीस तक्रारीची प्रत आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मागितलं. मीही त्यांच्याकडं मूळ कागद मागितले. अर्ज, सह्या, फोटो, पैसे कुठल्या खात्यात गेले तो पुरावा, सगळं लेखी मागितलं. हे मागायचं मला एका वकील ताईंनी सुचवलं, आणि माझी अर्धी लढाई तिथंच झाली.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "घरातलं आहे, घरात मिटवा" एवढंच ऐकायला मिळालं. दुसऱ्या दिवशी वकील ताई सोबत आल्या. त्यांनी सांगितलं, दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड फसवून वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला आले, पण हा प्रकार २०२२ चा, म्हणून त्याला जुनं भारतीय दंड विधान. एवढं झाल्यावर तक्रार अर्ज घ्यायला ते तयार झाले.

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. 'संशयिताचे नाव' इथं पोचले आणि थांबले. तो पाच वर्षांचा असताना शाळेत त्याचं नाव घालायला मीच गेले होते, माय शेतात होती. तेव्हाही नाव मीच सांगितलं होतं, वडिलांच्या नावासकट. आता तेच नाव, तेच वडील. शेजारच्या बाकावरची बाई काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. लिहिलं. पोच घेतली. बाहेर येऊन पाणी प्यायले आणि सरळ नोटरीकडं गेले. घरी गेले असते तर परत निघाले नसते.

ॲपच्या कर्जाचे कागद आले तेव्हा पैसे भावाच्या खात्यात गेल्याचं त्यांच्याच नोंदीत दिसलं. कर्जदाराचा म्हणून लावलेला फोटो माझ्या पासपोर्ट फोटोचा फोटो होता, कडेला स्टेपलरची पिनसुद्धा दिसत होती. तरी त्यांनी ३० दिवसांत उत्तर दिलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणं तीस दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. हे दोन्ही लिहून मी पुन्हा पत्र टाकलं. ४ ऑक्टोबरला, त्रेचाळिसाव्या दिवशी, ते खातं माझ्या रिपोर्टमधून निघालं. तेरा दिवसांचे १३०० रुपये आले. त्यातून धाग्याच्या रिळी आणल्या.

गाडीचं तसं झालं नाही. त्यांनी तो पाडव्याचा फोटो पाठवला. मी हात लावून उभी आहे, हसते आहे, मग कर्ज माझं नाही कसं? सह्या जुळत नाहीत हे दाखवायला कोर्टात जावं लागणार होतं. वर्षं लागली असती आणि भाऊ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला असता. मी तिथं थांबले. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. मी थांबले एवढं खरं.

मात्र सेटलमेंट नाकारली. वसुलीवाला रोज फोन करी, "मॅडम, १८ हजार टाका, फाइल बंद करतो." अठरा हजार भरून फाइल बंद झाली तरी रिपोर्टवर 'सेटल्ड' लागतं, आणि त्याचा अर्थ यांनी पूर्ण फेडलं नाही असा होतो. पुढं दारात जाल तिथं बँक तेच वाचते. भावाला मी सांगितलं, गाडी विक आणि पै न पै भर. तो एका शब्दानं आडवा आला नाही. दिवाळीनंतर गावातल्याच एकानं ४४ हजारांत घ्यायचं ठरवलं. कर्ज दंडव्याजासह ३६ हजार होतं, ते सगळं भरलं आणि बेबाकी दाखला हातात आल्याशिवाय मी फायनान्सच्या ऑफिसातून उठले नाही.

दरम्यान गणवेशाचं काम थांबलं नव्हतं. लोखंडी पेटीतलं मंगळसूत्र बँकेत ठेवून एक जुनं मोटारीचं मशीन घेतलं. सिबिल खराब असलं तरी सोन्यावर कर्ज मिळालं. मंगळसूत्र अजून सोडवायचं आहे. आधारचा नंबरही बदलला, केंद्रावर ५० रुपये लागले, आणि एमआधार ॲपमध्ये बोटांचे ठसे लॉक करून ठेवले. लेकीनं शिकवलं, आता मीच उघडते, मीच बंद करते.

जानेवारी २०२५ मध्ये नव्या वर्षाचा फुकटचा रिपोर्ट काढला. ॲपचं कर्ज नाही. गाडीच्या खात्यापुढं 'बंद'. गुण ६४१. चुकलेल्या हप्त्यांचे चौकोन मात्र तसेच आहेत, ते मागं सरकायला अजून बरेच महिने लागतील. मुद्रासाठी वर्षभरानं या, असं बँकेतले साहेब म्हणाले.

संक्रांतीला भाऊ एसटीनं आला. मायनं माझ्यासाठी वाण पाठवलं होतं. तिळगूळ दिल्यावर त्यानं पिशवीतून कागद काढले, कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि नाव बदलायचे २९, ३०. गाडी आरटीओत अजून माझ्याच नावावर, म्हणून सही माझी लागणार आणि आधारची झेरॉक्सही. मी झेरॉक्स काढून आणली. तिच्यावर आडवं लिहिलं, 'फक्त एमएच २२ मोटारसायकलच्या नाव बदलासाठी', खाली तारीख, खाली सही.

तो बघत होता. "अक्का, माझ्यापुढंच लिहितीस?"

"तुझ्यापुढंच," मी म्हटलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं तो दोनदा वाचला, घडी न घालता पिशवीत ठेवला. मग जेवायला बसला. बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी उरली होती, ती वाढली.