सकाळच्या पाळीचे पंक्चर

सन २००२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघी बहिणी तेव्हा आठवीत आणि सहावीत होतो. लातूरकडचे गाव सोडून चाकणला येऊन आम्हाला दोन वर्षे झाली होती. खराबवाडीत पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली होती. आबा महाळुंग्याच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर जात. कंपनीची बस कायम कामगारांसाठी होती, ठेकेदाराच्या माणसांसाठी नव्हती. गावाहून एसटीच्या टपावर टाकून आणलेली जुनी काळी सायकल हीच आबांची बस.

चाकणची एमआयडीसी तेव्हा वाढत होती. बजाजचा कारखाना १९९९ साली सुरू झाला होता, आणि परिसरात लहानमोठी वर्कशॉप रोज उभी राहत होती. कच्च्या रस्त्याला बाभळीचे काटे, तर पक्क्या रस्त्यावर भंगाराच्या टेम्पोतून सांडलेली लेथची कुरळी बर. सायकलला दोन्हीकडून धोका. पहिली पाळी सातची. फाटक सात वाजून दहा मिनिटांनी बंद व्हायचे. सायकलची दुकाने उघडायची नऊला. म्हणजे पहाटे चाक बसले की त्या दिवसाचा खाडा ठरलेला.

जुलैत असेच झाले. आबा पावसात सायकल ढकलत गेले. पोहोचायला सव्वासात झाले. ठेकेदाराच्या माणसाने फाटकातूनच परत पाठवले आणि वर बजावले, "पुन्हा उशीर झाला तर येऊच नको." साडेआठला आबा घरी आले. भरलेला डबा तसाच होता. आईने तो उघडून सर्वांना वाढला, पण आबा जेवले नाहीत. आम्हाला त्या दिवशी वह्यांचे पैसे मागायचे होते. ते आम्ही मागितले नाहीत.

त्या रविवारी आबांनी सोल्यूशनची ट्यूब, काचपेपर आणि एक पाना आणला. ठिगळासाठी जुन्या ट्यूबचा तुकडा मागून घेतला. शेजारच्या काकांनी हातपंप दिला. टायर सोडवायला पट्ट्या नव्हत्या, म्हणून आईचे दोन चमचे घेतले. त्यातला एक वाकला तो वाकलाच. आबा म्हणाले, "पोरींनो, तुम्हीबी बसा. एकट्याच्या ध्यानात राहायचं नाही."

पहिले ठिगळ तासाभरात सुटले. दुसरे टिकले, पण दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसले. तळेगाव चौकातल्या सायकलवाल्या चाचांकडे आम्ही रडवेल्या होऊन गेलो. त्यांनी चाक न बघताच विचारले, "ठिगळ लावलं, पण काटा काढला का?" काटा टायरमध्येच होता. मग त्यांनी सगळे नीट समजावून सांगितले.

आधी वॉल्वला थुंकी लावून पाहायची. बुडबुडा आला तर दोष वॉल्वट्यूबचा, टायर उघडायची गरजच नाही. उघडावे लागलेच तर वॉल्वच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती परातीतल्या पाण्यात फिरवायची आणि बुडबुडे येतील तिथे खूण करायची. ती जागा कोरडी करून काचपेपरने घासायची. तुळतुळीत रबरावर सोल्यूशन धरत नाही. सोल्यूशन म्हणजे पातळ द्रवात विरघळवलेले रबर. तो द्रव उडून जाऊ द्यावा लागतो. बोटाला ओले न लागता नुसते चिकट लागले की मगच ठिगळ दाबायचे. आमचे पहिले ठिगळ सुटले ते घाईने ओल्यावरच लावल्यामुळे. हा द्रव पेट घेतो, म्हणून चुलीजवळ किंवा स्टोव्हजवळ हे काम करायचे नाही. मग टायरच्या आतून फडके फिरवायचे. ते अडकेल तिथे काटा. नुसते बोट फिरवले तर बोट कापते. रिमवरची पट्टी सरकली असेल तर तीही बसवायची, नाहीतर तारांची टोके ट्यूबला टोचतात. शेवटी टायर अंगठ्यांनीच चढवायचा. पट्टी वापरली तर ट्यूब चिमटते.

पुढे शाळेच्या वाचनालयात आम्ही वाचले, की १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे रबरी टायर तयार केले. ते आबांना वाचून दाखवले. आबा हसले, "म्हंजे बापानं पोरासाठी केलं."

सप्टेंबरात आबा दोन पाळ्या करून रात्री एकला आले. पहाटे पाचला पाहतो तर मागचे चाक बसलेले. वीज गेली होती. आम्ही त्यांना उठवले नाही. एकीने बॅटरी धरली, दुसरीने चाक उघडले. टायरमध्ये लोखंडाची बारीक बर सापडली. अर्ध्या तासात हवा भरून सायकल दाराशी उभी केली. आबा उठले, परातीतले काळे पाणी पाहिले, चाक दाबून पाहिले आणि काही न बोलता निघून गेले. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "आज पोरींनी हजेरी वाचवली."

शेजारच्या एक मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "पोरींच्या हातात पाना कशाला देता?" दिवाळीनंतर त्यांच्याच घरची सायकल आमच्या दारात आली. आम्ही पैसे घेत नव्हतो. सोल्यूशनची ट्यूब आणा आणि शेजारी बसून शिका, एवढेच सांगायचो.

आज आमच्यातली एक दवाखान्यात परिचारिका आहे, दुसरी कारखान्यात माल तपासते. दोघी स्कूटरवर जातो. पण पहाटे रस्त्याने एखादा पोरगा सायकल ढकलत चाललेला दिसला, की जीव गलबलतो. स्कूटरच्या डिकीत आजही सोल्यूशन, काचपेपर, ठिगळे आणि लहान पंप असतो. हे सगळे सामान एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी पैशात येते. घरात सायकल असेल तर ते आणून ठेवा, आणि मुलाला शिकवाल तसे मुलीलाही शिकवा. ठिगळ लावण्याआधी त्यांना एवढे मात्र जरूर विचारा: काटा काढला का?