चाळीस हजारांचं उदाहरण



गणिताच्या तासाला मी मुलांना नेहमी सांगतो, आधी 'दिलेलं काय' आणि 'काढायचं काय' ते लिहा. २०२३ च्या दिवाळीआधी नववीतल्या माझ्या लेकीने तेच माझ्यावर उलटवलं. "बाबा, दिलेलं : चाळीस हजार रुपये. काढायचं : गेमिंग कॉम्प्युटर."

यातले अकरा हजार तिने स्वतः साठवलेले. तरी माझं पहिलं उत्तर 'नाही'च होतं. एक तर गेम म्हणजे अभ्यासाचं वाटोळं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. दुसरं कारण चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं. जुना कॉम्प्युटर टेबलासकट बुडाला. माझ्या प्रश्नपत्रिका गेल्या, तिचे लहानपणीचे फोटो गेले. भिंतींना नवा रंग दिला, तरी पाणी कुठवर आलं होतं ते आम्ही आजही डोळे मिटून सांगतो. त्याच घरात पुन्हा एवढी महागाची वस्तू आणायला मन धजत नव्हतं.

"आधी यादी करून दाखव," म्हटलं. वाटलं, विषय मिटला. चार दिवसांनी तिने वहीचं पान पुढे केलं. प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ५,५००, रॅम ३,५००, एसएसडी ३,०००, साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस ३,५००, कॅबिनेट २,०००, मॉनिटर ७,५००, कीबोर्ड-माऊस १,०००, यूपीएस २,५००. बेरीज बरोबर चाळीस हजार.

मी एकेक रकमेवर 'का?' विचारत गेलो. चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर तेव्हा एकट्यालाच वीस हजारांच्या आसपास लागत होते, म्हणून तिने रायझन ५ ५६००जी निवडला होता. त्यात ग्राफिक्स आतच असतं. ते रॅममधलीच जागा वापरतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन. माहितीला ये-जा करायला दोन वाटा मिळतात. कार्ड पुढे कधीतरी घेता येईल, म्हणून एसएमपीएस आत्ताच थोडा दमदार.

"यूपीएस कशाला? तेवढ्यात मॉनिटर मोठा येईल की."

"बाबा, पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते?"

पानाच्या तळाशी किंमत नसलेल्या दोन ओळी होत्या. 'कॅबिनेट छोटं. वायरी पाच मिनिटांत सुटतील अशा लावायच्या. पाणी चढायला लागलं तर वरच्या काकूंकडे नेणे. फोटोंची दुसरी प्रत मुंबईला मावशीकडे.'

मी गप्प झालो. ज्या भीतीपोटी मी नाही म्हणत होतो, तिची सोय पोरीने आधीच करून ठेवली होती.

सुट्टीत आम्ही कोकण रेल्वेने मुंबई गाठली आणि लॅमिंग्टन रोड पालथा घातला. बोर्डाचं बायोस जुनं असेल तर तो हा प्रोसेसर ओळखत नाही, हे तिने वाचलेलं. ते दुकानातच अपडेट करून घेतलं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. या प्रोसेसरला खाली १३३१ बारीक पिना असतात. सोनेरी त्रिकोण जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. माझे हात थरथरत होते, तिचे नव्हते. पंख्याचे स्क्रू तिने समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळाच! माझ्या पोटात गोळा आला. गेले चाळीस हजार! मी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावायला निघालो. ती म्हणाली, "थांबा ना. तुम्हीच सांगता, उत्तर चुकलं की एकेक पायरी मागे जा." तिने प्लग काढला, एकेक वायर तपासली. शेवटी सापडलं. रॅमची एक पट्टी एका टोकाला नीट बसलीच नव्हती. 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली आणि स्क्रीन उजळला.

गेम ती खेळते, हे लपवत नाही. अभ्यासानंतर एक तास असं ठरलंय, आणि त्या तासावरून आमची भांडणंही होतात. पण आपल्या पैशातून आणि आपल्या हातांनी उभी केलेली वस्तू ती जपून वापरते. मीही हीच यादी आठवीच्या वर्गात शेकडेवारीला घेतली. एकूण खर्चाच्या किती टक्के प्रोसेसरवर गेले? २८.७५. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी पोरंसुद्धा वही उघडून बसली.

पालकांना एकच सांगेन. मुलाने महागाचं काही मागितलं तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. रक्कम सांगा, यादी मागा आणि प्रत्येक ओळीला 'का?' विचारा.

पुढच्या जुलैत एका रात्री पावसाचा जोर वाढला. कुणी काही सांगायच्या आत तिने वायरी सोडवल्या आणि कॅबिनेट उचलून काकूंकडे नेलं. चार मिनिटं लागली. पाणी काही आमच्या दारापर्यंत आलं नाही. त्या रात्री मी मात्र निवांत झोपलो.